गुलाबी टपालगाडीचे दार

तीर्थस्वरूप मामांस भाचीचा साष्टांग नमस्कार.

वयाने, मानाने आणि विशेषतः खेळण्यातल्या मोटारींच्या ज्ञानाने मी आपल्याहून लहान. अशा मुलीने आपणांस आपणहून पत्र लिहावे, हा आगाऊपणाच आहे. समोर असता तर मी एक अक्षर बोलले नसते, हे आपण जाणता. तरी क्षमा असावी. बदलीच्या गावचे पाणी आपणांस मानवले असेल आणि गुडघा कुरकुरत नसेल, अशी आशा करते. मामी बऱ्या आहेत. कपाटातल्या मोटारीही बऱ्या आहेत. (मोटारींचे आधी लिहायला हवे होते, क्रम चुकला.)

आपल्या आज्ञेप्रमाणे काल आपले मित्र, दातांचे डॉक्टर, ती गुलाबी टपालगाडी घेऊन आले. गाडी अस्सल ठरली तर आपला आगीचा गुलाबी बंब तेवढा ठेवून बाकी सगळ्या मोटारी त्यांच्या हवाली करायच्या, आणि एवढ्या नाजूक रंगाला बल्बही बाधतो म्हणून मी परीक्षेचा अभ्यास कपाटाच्या खोलीतून स्वयंपाकघरात हलवायचा, असे आपण कळवले होते. (सूर्याची भीती नव्हतीच, खिडकीला काळा कागद आपण पूर्वीच चिकटवला आहे. मी भर दुपारी बल्ब लावून वाचते, हे केवळ माहितीसाठी.) मी शाळेपासून पहिली येते म्हणून पारख माझ्यावर सोपवलीत, हा माझा बहुमानच.

पारख कशी करावी, हे आपणच शिकवले होते. साचा एकच, पण चाके राखाडी की काळी, काचा साध्या की हिरवट, बुडाचे रिव्हेट गोल की चपटे, एवढ्यावरून एक गाडी खेळणे ठरते आणि दुसरी दैवत. डॉक्टरांनी दात तपासायचा चिमुकला आरसा गाडीच्या बुडाखाली इतक्या मायेने धरला, की आता ते तिला ‘आ कर’ म्हणतात की काय, असे मला वाटले. चाके बरोबर, काचा बरोबर, रिव्हेटला कुणाचा हात लागलेला नाही. राहिला रंग. कारखान्याने चुकून एकच दिवस गुलाबी रंग भरला, असे ते म्हणाले. (आपला आगीचा बंबही त्याच दिवसाचा, असे आपण सांगता. आग विझवायला गुलाबी बंब का निघावा, असा प्रश्न आपल्या मोटारी जमवणाऱ्यांच्या मंडळात इतक्या वर्षांत कुणालाच पडला नाही, ही निष्ठा थोरच.)

मग माझ्या हातून प्रमाद घडला. मी गाडीचे दार उघडले.

“अगं ए, दार काय उघडतेस! बिजागरी सैल झाली तर किंमत निम्मी!” डॉक्टर ओरडले. खेळण्याशी खेळायचे नाही, हा आपल्या मंडळाचा पहिला नियम मला ठाऊक होता. पण दाराच्या आतली कड लालभडक होती. जिथे ऊन पोहोचले नव्हते, तिथे ती आपल्या कपाटातल्या इतर टपालगाड्यांसारखीच साधी लाल गाडी होती. ही तुमच्या घरी कुठे असते, असे मी डॉक्टरांना हळूच विचारले. “खिडकीत,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांची दया येऊ लागली, तोच ते उजळले. “आतून लाल, बाहेरून गुलाबी! हा तर आणखी दुर्मिळ प्रकार! आता नुसत्या मोटारी पुरायच्या नाहीत, वर बंबही लागेल!”

“मग आमचे पडदेही न्या, डॉक्टर,” मामी म्हणाल्या. “आतून हिरवे, बाहेरून पांढरे. असा जोड जगात दुसरा नाही.”

डॉक्टर टपालगाडी रुमालात गुंडाळून निघून गेले. सौदा मोडला. मोटारी जागेवर आहेत; मीही.

आपली आज्ञाधारक
भाची

ता. क. : डॉक्टर गेल्यावर, केवळ अभ्यासाची शिस्त म्हणून, आपल्या बंबाचेही दार उघडून पाहिले. आत लाल आहे. मामींना विचारले. “लालच होता की! कपाट येईपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीतच असायचा, मीच पुसायचे. पण मला विचारतंय कोण?”

आणखी ता. क. : येत्या रविवारी मंडळ आपला बंब पाहायला येणार आहे. मी फारशी बोलत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र कुणी विचारलेच तर मला खोटे बोलता येत नाही. त्या दिवशी मी दिवसभर वाचनालयात असेन, तर उत्तमच. त्यावरून आठवले : सूर्याला जे करायचे होते ते त्याने केव्हाच उरकले असल्याने खिडकीचा काळा कागद काढण्याची परवानगी असावी, ही नम्र विनंती.

शेवटचा ता. क. : अक्षर नेहमीपेक्षा बरे वाटले असेल, तर कागद आज सकाळीच काढला आहे.

पत्र पेटीत टाकले : सोमवार, दि. १८ नोव्हेंबर २०२४, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.