बाल्कनीतलं चौथं अंडं

३ एप्रिल
बाल्कनीतल्या कुंडीत एका पक्षिणीने घरटं केलंय. तीन अंडी, तपकिरी ठिपक्यांची. पक्ष्याचं नाव बघायचं राहिलं. लेक विद्यापीठात याच विषयावर संशोधन करते: पक्षी आपली अंडी कशी ओळखतात. त्यात संशोधन कसलं डोंबलाचं, असं मी मागे बोलून गेलो. तेव्हापासून तिचा फोन आईलाच येतो. पंधरवड्याने घरी येतेय. तोवर प्रयोग उरकून निकाल तिच्या हातात ठेवायचा. मग बोलेल.

४ एप्रिल
प्लास्टरचं अंडं केलं, लेकीच्या जुन्या रंगांनी रंगवलं. बँकेत जन्मभर सह्या पडताळल्या; अस्सल काय, नक्कल काय, हे मला कोणी शिकवू नये. झकास जमलंय. सवयीने बुडाला बारीक सही ठोकली.

५ एप्रिल, सकाळी
पक्षीण उडाली तेवढ्यात माझं अंडं घरट्यात सरकवलं. बायको म्हणाली, बिचारीला छळू नका. विज्ञानात भावनेला थारा नाही.

५ एप्रिल, दुपारी
भयंकर! पक्षिणीने एक अंडं खाली ढकललं. स्वतःचंच! ठिपके इतके नैसर्गिक, की माणसाच्या हाताने काढणं अशक्य. फरशीवर पडून साधा तडासुद्धा नाही. अस्सल मालाची गोष्टच वेगळी. नक्कल मात्र पोटाशी धरून बसली आहे वेडी. निष्कर्ष: पक्ष्यांना काही कळत नाही. लेकीची मेहनत पाण्यात गेली. वाईट वाटलं. थोडंसं.

६ एप्रिल
अनाथ अंडं कापसात, टेबल लॅम्पखाली ठेवलंय. आईने टाकलं, मी टाकणार नाही. उलटंपालटं करायचं नाही, पिल्लाला घेरी येईल.

११ एप्रिल
हाताला चांगलं जड लागतंय. पिल्लू बाळसं धरतंय. बायको रोज विचारते, आज कसं आहे? आणि उत्तर न ऐकताच स्वयंपाकघरात पळते. हळवी आहे.

१६ एप्रिल
घरट्यात तीन पिल्लं! हिशोबाने दोनच हवीत. एक जुळं असणार. नकली चौथं अंडं तळाशी कुठेतरी दबलं असेल. लॅम्पखालचं माझं अजून गप्पच. उशिरा येणारी मुलं हुशार निघतात. मीही उशिरा चालायला लागलो, असं आई सांगायची.

१८ एप्रिल
लेक आली. तिला आधी लॅम्पपाशी नेलं, निकाल सांगितला. तिने अंडं उचललं, उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. सही. मी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणालो, ही माझी नाही, वळण वेगळं आहे.
ती खाली बसून हसली. बायकोही. मग मीही हसलो, म्हणजे हसावं लागलं. किती दिवसांनी तिचं हसू ऐकलं.

२० एप्रिल
लेक निघाली. अंडं मागून घेतलं, तिच्या टेबलावर ठेवायला. वाटेत फुटू नये म्हणून मी कापसासकट डब्यात घालून दिलं.