विहिरीतील पाण्याविषयीचे माझे सत्य विधान

जव्हार, दि. १७ मे

तीर्थस्वरूप हेमंतभाऊजी यांचे सेवेशी, आपला एकुलता एक, आणि म्हणून तुलनेची भीती नसलेला, शालक गोकुळ याचे उभय कर जोडून वंदन. आपला रक्तदाब, आपला प्रातःकालचा फेरफटका आणि मोखाड्याच्या बाजारात भाजीवाल्यांना आपण करीत असलेला सत्यभाषणाचा उपदेश, ही तिन्ही सुस्थितीत असावीत अशी प्रार्थना आहे. नीताताईस नमस्कार. (तिने मजविषयी काही ऐकले असल्यास ते खरे आहे. ऐकले नसल्यास हे पत्र तूर्त तिच्या हाती पडू देऊ नये.) आमच्याकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत. प्रकृतीखेरीज उत्तम असे काही नाही.

आपण जाणताच की गेली एकवीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्राचे अध्यापन करीत आहे. यंदा अकरावीत सात विद्यार्थी होते, पैकी चौघांनी हा विषय अर्ज भरताना चुकून निवडला होता. जी विद्या वर्गात खपत नाही ती मी घरी व समाजात विनामूल्य वाटतो. आमची सौ. उज्ज्वला एकदा म्हणाली, "तुम्ही माझं कधीच ऐकत नाही." हे वाक्य मी ऐकले, सबब ते असत्य आहे, असे मी तिला सप्रमाण दाखवून दिले. तेव्हापासून ती मजशी बोलतच नाही, त्यामुळे तिचे म्हणणे पुन्हा तपासून पाहण्याची सोय उरलेली नाही. गतवर्षी ग्रामसभेत एका पुढाऱ्याने विधान केले की विरोधक रस्त्यासाठी ओरडतात, तुम्हीही रस्त्यासाठी ओरडता, अर्थात तुम्ही विरोधक आहात. मी उठून निवेदन केले की गाढवाला चार पाय असतात आणि खाटेलाही चार असतात, म्हणून खाट काही ओझे वाहत नाही. प्रचंड हशा पिकला, पुढारीही हसला. रस्ता मात्र झाला नाही. निष्कर्ष खोडल्याने खडी पडत नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानी यावयास हवे होते.

आता मूळ विषयाकडे येतो (इतका वेळ तो टाळत होतो, हे आपल्या सूक्ष्म दृष्टीतून सुटले नसेल). सूर्यमाळच्या पलीकडे आपल्या कोंडीआत्याचा करवंदपाडा आहे. अडतीस घरे, एक विहीर, आणि ती विहीर होळीनंतर कोरडी. दर तिसऱ्या दिवशी टँकर घाट चढून येतो आणि आपले पाणी त्याच कोरड्या विहिरीत ओततो, कारण पाड्यावर दुसरी टाकी नाही आणि नळीच्या तोंडाशी थेट हंडे लावले तर भांडणे होतात. ओतलेले पाणी बायका दोरीने पुन्हा वर काढतात. पाणी वरून खाली घालून खालून वर काढण्याच्या या पद्धतीवर मी पूर्वी बरेच विनोद केले आहेत. ते सर्व मी या पत्राद्वारे मागे घेतो.

या महिन्याच्या प्रारंभी मी सुट्टीनिमित्त आत्याकडे गेलो होतो. पाड्याचे भगत बुधाबाबा त्या सकाळी सांगत होते की देवीला नारळ दिला म्हणून टँकर सुरू झाला. मी त्यांस समजावले की एका घटनेनंतर दुसरी घडली एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. त्यांनी शांतपणे तंबाखू मळली. नेमका तेव्हाच टँकर येऊन रिकामा होऊन गेला, आणि पाठोपाठ टंचाईच्या पाहणीसाठी एक तरुण साहेब जीपमधून उतरले. एरवी पाहणीची वर्दी आधी लागते आणि बायका थेंबन् थेंब उपसून विहिरीचा तळ दाखवतात. त्या दिवशी वर्दी नव्हती. आत्याचा मुलगा तुका पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, विहीर कोरडी हाय." साहेबांनी वाकून पाहिले. खाली पुरुषभर पाणी झळाळत होते.

साहेब सज्जन होते. त्यांना सारे कळत होते. ते किंचित हसले आणि तुकाचे म्हणणे लिहून घेऊ लागले. केवळ रीत म्हणून त्यांनी पाड्यावरच्या एकमेव सुशिक्षित इसमाकडे, म्हणजे मजकडे पाहिले आणि पुसले, "बरोबर ना, सर?"

भाऊजी, मला त्या क्षणी गप्प बसता आले असते. मानही हलवता आली असती. परंतु एकवीस वर्षांत मला कोणी भर उन्हात, तीस श्रोत्यांसमक्ष, तर्कशास्त्राचा प्रश्न विचारला नव्हता. मी घसा साफ केला. विहीर कोरडी आहे आणि विहिरीत पाणी आहे ही दोन विधाने एकसमयावच्छेदेकरून सत्य असू शकत नाहीत, हा व्याघाताचा नियम मी विशद केला. तुका माझा हात ओढत होता. आत्या मागून म्हणाली, "गोकुळ, गप ऱ्हाय रं." मी तिला सांगितले की सत्य नात्यागोत्यावर अवलंबून नसते. साहेबांचा चेहरा उतरला. इतक्या लोकांसमक्ष झालेले निवेदन त्यांना डावलता येईना. ते म्हणाले, मग हे आपणच लिहून द्या. मी लिहून दिले, वळणदार अक्षरात: "पाण्याचा उगम काहीही असो, विहिरीत पाणी आहे." खाली सही केली आणि सहीखाली पदवी लिहिली.

त्यानंतर टँकर आला नाही.

पाचव्या दिवशी मी कचेरीत धावलो आणि ते पाणी टँकरचेच होते, हे परोपरीने सांगितले. साहेबांनी विषण्ण मुद्रेने माझाच कागद काढून मला वाचून दाखवला. 'उगम काहीही असो' या शब्दांवर ते थांबले. माझ्या हयातीत माझा युक्तिवाद इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणी वाचलेला नाही.

परतताना मी शिरपामाळावर एका दगडावर बसलो. सभोवती पर्यटक दरीकडे पाठ करून आपली छायाचित्रे काढीत होते. माझ्या विधानात एकही असत्य शब्द नाही, हे मी तिथे पुन्हा पुन्हा तपासले. खरोखरच नाही. तरी अडतीस घरांतील बायका आता दरीत उतरून झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. कोंडीआत्या सत्तरीची आहे, गुडघा सुजलेला आहे, आणि ती दिवसाला दोन खेपा करते. परवा मी तिच्याबरोबर उतरलो. चढावर माझा हंडा दोनदा हिंदकळला. ती मागे न पाहता म्हणाली, "तुझा बा बी असाच बोलका होता. पन तो आधी हंडा घरात ठेवायचा, मंग बोलायचा." बुधाबाबा वाटेत भेटले. म्हणाले, "देवी रागावली, तिनं तुझ्या तोंडून टँकर बंद केला." या अनुमानातील दोष मी तीन दिवस शोधतो आहे. मला तो सापडलेला नाही.

अधिक लिहिण्याजोगे मजपाशी काही राहिलेले नाही. वडीलकीच्या नात्याने आपण जे बोलाल ते मी निमूट ऐकेन. उज्ज्वलेलाही हे कळवावे.

आपला,
गोकुळ

ता. क. : सोबत एक कागद जोडला आहे. साहेबांनीच मार्ग सुचवला की पूर्वीचे निवेदन चुकीचे होते असे मी लिहून द्यावे आणि मोखाड्यातील एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने साक्षीदार म्हणून सही करावी. कागदात असे म्हटले आहे की त्या दिवशी माझा चष्मा जव्हारला राहिला होता आणि मी ज्याला पाणी समजलो ते आभाळाचे प्रतिबिंब होते. (मला चष्मा नाही. कोरड्या विहिरीत आभाळ कशात दिसले, हे कृपया विचारू नये.)

ता. क. २ : चौतीस वर्षांच्या नोकरीत आपण असत्य बोलला नाहीत, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. नेमके म्हणूनच आपली सही हवी. खोटे बोलणाऱ्याच्या सहीने खोटे टिकत नाही. आपणास हे जड जाईल, मला जाणीव आहे. मी खरे बोललो त्याचे फळ वर लिहिलेच आहे. आपले खोटे त्याहून वाईट ठरेल काय, एवढेच पाहावे.

ता. क. ३ : हे पत्र तुका घेऊन येत आहे. सहीचा कागद मिळाल्यावाचून परतू नकोस, असे आत्याने त्याला बजावले आहे, तरी आपण विचार करण्यास हवा तेवढा वेळ घ्यावा. त्याच्यापाशी दोन रिकामे कॅन आहेत, ते तो संकोचाने ओटीवर आणणार नाही, फाटकाबाहेर ठेवील. सही करा अथवा न करा, ते आधी भरून द्यावेत.