तोवाला वाचायला द्यायचा प्रबंध

३ नोव्हेंबर
आजपासून प्रबंध. विषय : उत्तरेकडच्या सहकारी डेअऱ्या कशा बंद पडल्या. डोक्यात सगळा तयार आहे, फक्त कागदावर उतरवायचा बाकी. जानेवारीत चर्चासत्र. आमच्याकडे प्रत्येक प्रबंधाला एक विरोधक असतो; बरोबरीचाच विद्यार्थी, प्रबंध वाचून चारचौघांत त्याची चिरफाड करणारा. ती केल्याशिवाय त्यालाही पदवी नाही. माझी विरोधक तोवा. स्वतःचा प्रबंध देऊन मोकळी झाली आहे. पदवी मिळाली की फेब्रुवारीपासून पार उत्तरेच्या किरुना गावातल्या दफ्तरखान्यात नोकरी ठरलेली. माझ्या डेअऱ्या वाचून तिच्याही ज्ञानात भर पडेल.

११ नोव्हेंबर
विद्यापीठाच्या लेखन केंद्रात गेलो. घाईघाईत कच्चं लिहिण्यात अर्थ नाही, आधी हत्यारांना धार. जलद वाचन, संदर्भ नोंदणी, परिच्छेदाची बांधणी : तिन्ही कार्यशाळांना नाव घातलं. केंद्रातली गुनेल म्हणाली की कार्यशाळा राहू देत, लिहिलेलं काही असेल तर घेऊन ये, चुकलेलं असलं तरी चालेल. चुकलेलं कशाला आणू? बाईंना माझा दर्जा कळलेला नाही.

१९ नोव्हेंबर, दुपार
जलद वाचन छान. शिकवणारा जरा हळू होता. तीन वाजले नाहीत तोच बाहेर काळोख. असल्या हवेत लिहिणं तब्येतीला घातक. हिवाळ्यात उन्हाच्या बदल्यात लावतात त्या उजेडाच्या दिव्यांपुढे जाऊन बसलो. झोप लागली.

२ डिसेंबर
तोवाचा मेसेज : चार पानं तरी पाठव. अर्धवट काम पाठवणं हा तिचाच अपमान. अनुक्रमणिका पाठवली. देखणी झाली आहे.

९ डिसेंबर
कॉफीच्या वेळी तोवा माझ्या टेबलाशी आली. दालचिनीचा पाव कुरतडत बसली. मग म्हणाली, अल्वार, खरं काय ते सांग. स्टूरे प्राध्यापकांकडे एक प्रबंध विरोधकावाचून पडलाय, आज मागितला तर मला देतील, उद्या दुसऱ्याला जाईल. मी म्हटलं, वेडी आहेस का, माझा झालाच आहे, शेवटचा हात फिरवतोय. तिने मान डोलावली आणि पाव संपवला. आमच्यात एकदा सांगितलं की पुन्हा विचारत नाहीत. मी काही खोटं बोललो नाही. डोक्यात झालेलाच आहे.

२७ डिसेंबर
नाताळ. हॅम जास्त झालं. लेखन केंद्राला सुट्टी. केंद्र बंद आणि विद्यार्थ्यांनी म्हणे लिहावं! तक्रार लिहायला बसलो, एका बैठकीत चांगली लांबलचक झाली. म्हणजे हात चालतो.

७ जानेवारी
उद्या द्यायचा. पहिलं वाक्य फार चांगलं जमलंय. दुसरं त्याच्या तोडीचं येईना.

१५ जानेवारी
चर्चासत्र. ताप आल्याचं कळवणार होतो, पण गेलो. तोवा आधीच येऊन बसली होती, इस्त्रीचा शर्ट घालून. स्टूरे म्हणाले, प्रबंधच नाही तर विरोध कशाला करणार? दुसरा कुठलाही उरलेला नाही. आता पुढचं सत्र जूनमध्ये. कुणी आवाज चढवला नाही. तोवाने एवढंच विचारलं की डिसेंबरात का नाही सांगितलंस. मी संदर्भांच्या सॉफ्टवेअरची अडचण सांगू लागलो. ती ऐकत ऐकत कोटाची बटणं लावत होती. माझं संपायच्या आत गेली.

४ फेब्रुवारी
किरुनाची जागा दुसऱ्या कुणाला दिली. गुनेलकडून कळलं. तोवा गावी परतली आहे, आईच्या दुकानात बसते. फार वाईट वाटलं. स्वतःची लाज वाटली. प्रबंध तूर्त बाजूला, आधी तोवाची माफी मागायची, तीही नीट लिहून. माफीच्या पत्रासाठी एखादी कार्यशाळा आहे का, असं गुनेलला विचारलं. ती म्हणाली की नाही, ते ज्याचं त्यानेच लिहायचं असतं.

संध्याकाळी बसलो. 'प्रिय तोवा' लिहिलं. 'प्रिय' खोडलं. पुढे काही सुचत नाही.