गिरणीतलं निदान

मुहैस्नाह, दुबई
रविवार

भाऊजी, मागच्या खेपेला फोन तुम्ही आपटलात, मी नाही, हे आधी कबूल करा म्हणजे पुढचं लिहायला बरं. बारशाच्या दिवशी मी व्हिडिओ कॉलवर तुमच्या मुलीला चुकीच्या नावाने हाक मारली हे मी कुठे नाकारतोय? पण त्या नावालाच तेव्हा अर्धा तास झाला होता. तेवढ्यावरून तुम्ही चाळीस पाहुण्यांसमोर म्हणालात, "झालं! सासऱ्यांचं होतं तेच आता मेहुण्याचं सुरू झालं!" पाहुणे हसले, पेढे खाऊन घरी गेले. मी मात्र ते वाक्य घेऊन तीन महिने इथे बसलोय. (वर नमस्कार लिहायचा राहिला. विसरलो नाही, रागात होतो. तर गोपीनाथ भाऊजींना आणि सविताताईला दौलतचा शिरसाष्टांग नमस्कार, अण्णांच्या पायावर डोकं, बाळीला गोड पापा. गिरणीचा पट्टा बदललात का? तुमचं पित्त कसं आहे? माझ्यामुळे वाढलं असेल तर ते तुमच्याच जिभेमुळे आहे.)

तुम्हाला गंमत वाटली असेल, पण माझी झोप उडाली. अण्णा दुसऱ्याच्या ओटीवर जाऊन चहाची वाट बघत बसतात, हे ताई फोनवर सांगते तेव्हा मी इथे ऐकतो आणि मनात मोजतो की आपण काय काय विसरलो. हेल्मेट दोनदा, टॅक्सीत आयडी एकदा, डाळ गॅसवर कितीदा ते खोलीतल्या पोरांना विचारा. सत्ताविसाव्या वर्षी हे, तर पन्नाशीत मी कुणाच्या ओटीवर बसेन? नानाविध कामं केली मी, फर्निचरच्या गोदामात होतो, मग फुजैरा बंदरात जहाजांच्या टाक्या साफ करायला, आता एसीचे पत्र्याचे बोगदे चढवतो. कुठे टिकलो नाही ते बूड स्थिर नाही म्हणून, असं मला वाटायचं. आता वाटायला लागलं, आपण कुठे कामाला आहोत तेच आपल्याला आठवत नसेल.

अशात आमच्या कामगारांच्या कॅम्पच्या मेसबाहेर एक बोर्ड लागला. हिंदीत. वय होताना मेंदूचं काय होतं, माणूस विसरायला का लागतो, याचा अभ्यास चाललाय, वीस ते सत्तर वयाचे लोक पाहिजेत, आणि खाली जाड अक्षरात, कमी शिकलेले असाल तर जरूर या. भाऊजी, सातवी नापास झाल्याचा उपयोग होतो अशी जागा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मी त्याच दिवशी नाव दिलं. मग रात्रभर पस्तावलो, कारण इथे मेडिकल म्हटलं की दोनच शब्द, फिट नाहीतर अनफिट. अनफिट म्हणजे व्हिसा खलास, तिकीट हातात, यल्ला, म्हणजे चल, घरी. डोकं तपासून अनफिट निघालं तर तुमच्याकडे कोणत्या तोंडाने यायचं?

उपाय जहूरने काढला. (जहूर म्हणजे श्रीवर्धनचा, माझ्या वरच्या पलंगावरचा. हे पत्र तोच सुट्टीवर येताना आणतोय, त्याला चहा द्या, साखर कमी.) तो माझ्या आधीच्या रविवारी जाऊन आला होता. म्हणाला, "अरे, सोपं आहे. बाई पाच शब्द सांगते, थोड्या वेळाने परत विचारते. चप्पल, लिंबू, विहीर, हत्ती, निळा. पाठ कर आणि जा." मी आठवडाभर पाठ केले. पत्र्याच्या बोगद्यात शिरताना चप्पल, बाहेर येताना निळा. फोरमनला वाटलं मी जप करतो, त्याने माझा ओव्हरटाइम कमी केला.

तिथे पर्णिका मॅडम म्हणून डॉक्टर भेटल्या. जन्म इथल्याच करामा भागातला, मराठी बोलतात पण मधेच इंग्रजीत जाऊन येतात. आधी म्हणाल्या, एका मिनिटात जेवढी जनावरं आठवतील तेवढी सांगा. मी सुरुवातच म्हशीपासून केली, आमची काळी म्हैस, मास्तरांची शिंगमोडी, पाटलांची दूध न देणारी, तानुबाईची ती जी नदीतून उठायचीच नाही. मिनिट संपलं तेव्हा मी सहाव्या म्हशीवर होतो. मॅडमनी सगळ्या म्हशींची मिळून एकच म्हैस धरली. मी हरकत घेतली. त्यांनी नोंद केली.

मग ते पाच शब्द. मॅडमनी तोंड उघडायच्या आत मी घडाघडा म्हणून टाकले, चप्पल लिंबू विहीर हत्ती निळा! मॅडमनी हातातला कागद उलटून बघितला. म्हणाल्या, "मी अजून काही सांगितलेलंच नाही." आणि त्यांनी वेगळेच पाच वाचले! दर रविवारी यादी बदलतात, हे जहूरला कुठे माहीत? थोड्या वेळाने परत विचारलं तेव्हा नवे पाचही शब्द डोक्यातून गेलेले आणि जुने पाच तोंडात बसलेले. म्हणजे बघा भाऊजी, सांगितलेलं आठवत नाही आणि न सांगितलेलं आठवतंय. अण्णांचंही एवढं बिघडलेलं नाही. मी म्हटलं, मॅडम, हात जोडतो, व्हिसा रद्द करू नका, मी कॉपी केलीय. आणि सगळं सांगून टाकलं, जहूर, बोगदा, फोरमन सगळं.

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला. म्हणाल्या, "अहो, आठवडाभर काम करत पाच शब्द पाठ ठेवलेत, हा विसरभोळ्या माणसाचा धंदा नाही." इथे पास-नापास नसतं, कागद कंपनीकडे जात नाही, व्हिसाशी संबंध नाही. असल्या परीक्षा शिकलेल्या लोकांना समोर ठेवून काढतात, त्यामुळे न शिकलेला माणूस उगीच आजारी ठरतो, म्हणून तर तुमच्यासारखे हवेत, असं म्हणाल्या. (तरी सहा म्हशी दिल्या नाहीत.)

पुढे मेंदूचे फोटो काढायच्या मशीनमध्ये घातलं. चाळीस मिनिटं हलायचं नाही! तुम्ही मला ओळखता. दोनदा बाहेर काढून रागावले. तिसऱ्यांदा मशीन ठोकाठोकी करायला लागलं तसा मी गाढ झोपलो. आठ जण घोरणाऱ्या खोलीतून आलेल्याला तो आवाज म्हणजे अंगाई. तीन महिन्यांतली माझी पहिली चांगली झोप तीच.

उठल्यावर मॅडमना खरं काय ते विचारलं. म्हटलं, वडिलांचा विसराळूपणा मुलात उतरतो का? त्या म्हणाल्या, काही घराण्यांत उतरतो, पण ते फार थोडे. बहुतेकांत तसं सरळ नसतं. तुम्ही पाच तास झोपता आणि उन्हात राबता, डाळ करपणारच. पण वडिलांचा आजार नक्की कोणता, कोणी सांगितलं? मी म्हटलं, भाऊजींनी. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, कुठे बसतात हे डॉक्टर? मी म्हटलं, गिरणीत. पिठाच्या. त्यांनी लिहिलेलं खोडलं.

भाऊजी, रागावू नका, मलाही त्या क्षणी कळलं की अण्णांना आजवर कुणी डॉक्टरने तपासलेलंच नाही. तुम्ही म्हणालात डोकं गेलं, ताई रडली, मी इथे घाबरलो, आणि आपण सगळ्यांनी मिळून ते ठरवून टाकलं. तीन वर्षं झाली. मॅडमनी विचारलं, ऐकू नीट येतं का? मी म्हटलं, त्यांचा रेडिओ तीन आळ्यांना ऐकू जातो. त्या म्हणाल्या, कधी कान, कधी रक्तात काही कमी, कधी थायरॉईड, यानेही माणूस असा वागतो आणि मग औषधाने सुधारतोही. नाहीतर तो आजार असेलही. पण बघायला तर पाहिजे. मी बसने परत येताना एकटाच हसत होतो. शेजारचा पठाण उठून दुसरीकडे बसला. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो असा.

आपला (अजून तरी शाबूत)
दौलत

ता. क. एक : मला बऱ्याच वर्षांपासून ओळखणारा एक माणूस त्यांना फोनवर विचारपूस करायला हवा होता. तुमचा नंबर दिलाय. गुरुवारी हिंदीतून फोन येईल. मी बदललोय का विचारतील. "पहिल्यापासून असाच वेंधळा आहे" म्हणून बेधडक सांगा. त्यांच्या हिशेबात तेच सगळ्यात चांगलं उत्तर. तुमच्याइतकं मनापासून कोण सांगणार?

ता. क. दोन : वर भांडलो ते सोडून द्या, पत्र यासाठीच लिहिलं. अण्णांना मुंबईला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. आधी कान, मग रक्त, मग डोकं, असं मॅडमनी सांगितलंय. एसटी नको, गाडी करा, त्यांना खिडकीत बसवा. ताईला एकटीला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. ते तुमचंच ऐकतात, माझं नाव काढतात पण ऐकतात तुमचं. दोन दिवस गिरण बंद राहील ते धरून, गाडी, तपासण्या, जेवणखाण, सगळं मिळून आज मनी एक्सचेंजमधून पैसे पाठवलेत : बाराशे दिरहम, म्हणजे तेवीसने धरले तर सत्तावीस हजार सहाशे रुपये.