गालिचा नदीला गेला त्याची हकिकत

मुक्काम खोपोली,
मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शके १८४८

तीर्थरूप धाकलूमामांचे पायी भाचा सहदेव याचा दंडवत. इकडे मी आणि तुमची सूनबाई भागूबाई असे दोघंही हातीपायी धड आहोत. तिकडे वाशिवलीस आपण, मामी आणि गुरंढोरं कशी आहेत ते सवडीने कळवावं. मागच्या पत्रात आपला उजवा गुडघा दुखत होता, तो आता थांबला असेल अशी आशा आहे. नसल्यास डावा तरी बरा असेल. मामींच्या खोकल्यासाठी अडुळसा पाठवणार होतो, पण तो तोडायला निघालो त्याच दिवशी पुढील प्रकाराला सुरुवात झाली, म्हणून राहून गेला. (अडुळसा कुंपणावरच आहे. तो कुठे जात नाही. या महिन्यात माझ्या ताब्यातली तेवढी एकच वस्तू जागेवर राहिली.)

आपल्याला ठाऊकच आहे, गेली चौदा वर्षं मी मंचेरशा शेठांच्या बंगल्याचा राखणदार आहे. शेठ राहतात मुंबईला, वर्षातून दोनदा हवा खायला इथे येतात. त्यांच्या दिवाणखान्यात आजोबांनी इराणातून आणलेला एक गालिचा आहे, म्हणजे होता, म्हणजे आहेच, पण ते पुढे येईल. आकाराने आपल्या खळ्याएवढा आणि रंगाने तपकिरी, जुन्या किटलीच्या बुडासारखा. तीन पिढ्या त्यावर बुटांसकट चालल्या, त्यामुळे त्यावर काही चित्र असेल अशी शंका कधी कुणाला आली नाही. शेठ माणूस देवासारखा, पण जुनी वस्तू बदललेली त्यांना मुळीच खपत नाही. मागे आचाऱ्याने टवका उडालेला कप फेकून हुबेहूब तसलाच नवा आणून ठेवला, तर शेठांनी एक घोट घेतला, "माझा कप कुठे?" म्हणून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आचाऱ्याला गाडीत बसवून दिलं. अशा शेठांचं कार्तिकात मला कार्ड आलं, की नाताळात पाहुणे घेऊन येतो, गालिचा जाणत्या माणसाकडून साफ करून ठेव, आणि त्याला काही झालं तर तुझी खोलीही साफ करून ठेव. (दोन्ही कामं एकाच कार्डात लिहिली होती. शेठ काटकसरी आहेत.)

आता खोपोलीत जाणता माणूस आणायचा कुठून? विजेचा कारखाना झाल्यापासून इथे नळांचे जाणते आहेत, तारांचे आहेत, पण गालिच्याचा एकही नाही. तो मला शिळफाट्याच्या बाजारात भेटला. सुक्या मासळीच्या पाट्यांच्या पलीकडे एक लांब कोटवाला गृहस्थ छापील पत्रकं वाटत होता: "प्रोफेसर नागू, गालिचे, जाजमं व सतरंज्या यांची शास्त्रोक्त धुलाई, राजेरजवाड्यांची शिफारसपत्रं पाहण्यास मिळतील." (पाहण्यास मागितली तेव्हा ती धुवायला टाकली आहेत असं कळलं.) त्याला बंगल्यावर आणलं. त्याने कोट काढला, गालिच्यावर पालथा पडला, कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी घाबरून खालीच बसलो. म्हणाला, "याचा श्वास कोंडलाय. अजून महिनाभर थांबला असतात तर हातचा गेला असता." भागूबाई दारातून म्हणाली, "गालिचा का मानूस?" पण शास्त्रात बायकांनी बोलू नये म्हणून मी तिला चहा ठेवायला पाठवलं. (हे वाक्य मामींना वाचून दाखवू नये.)

पहिल्या दिवशी झोडपणी. दोन आंब्यांच्या मध्ये दोरावर गालिचा टाकून मी आणि प्रोफेसर दोन बाजूंनी बांबू घेऊन उभे राहिलो. मामा, त्यातून जी धूळ निघाली तिच्यात आधी आंबे दिसेनासे झाले, मग बंगला आणि शेवटी प्रोफेसर. कारखान्यावरचे चौघे आग लागली समजून बादल्या घेऊन धावले आणि त्यांनी धुळीत पाणी मारलं ते नेमकं मला लागलं. दुपारपर्यंत कोटाची तीन बटणं, पायलीभर आक्रोडाची टरफलं, एक खोटा दात आणि पत्त्यातली इस्पिकची राणी एवढा ऐवज खाली पडला. (शेठ वीस वर्षं एक्कावन्न पानांनी खेळत होते आणि हरलो की पाहुण्यांवर संशय घेत होते.)

दुसऱ्या दिवशी चहा. साहेबलोक म्हणे गालिच्यावर चहाचा ओला चोथा पसरतात आणि झाडून घेतात, त्यात उरलेली धूळ अडकते. मी शिळफाट्याच्या हॉटेलांतून दोन टोपल्या चोथा आणला. पण साहेबाचा चोथा नुसत्या पाण्यातला, आणि आपल्या हॉटेलातला साखर, दूध आणि आलं यांत दिवसभर उकळलेला, हा फरक शास्त्रात दिलेला नव्हता. मुंग्या आल्या. नुसत्या आल्या नाहीत, राहायला आल्या, अंडी घेऊन आल्या. प्रोफेसर म्हणाला, मुंग्या मळ खातात, हे उत्तम लक्षण आहे. मग त्या त्याच्या विजारीत शिरल्या आणि त्याने मत बदललं. "आता याला वाहतं पाणीच पाहिजे," असं तो एका पायावर उभा राहून म्हणाला.

मग रविवारी गालिचा नदीवर नेला. कारखान्याच्या खालच्या अंगाला पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. चार खुंट्या ठोकल्या, गालिचा ताणून बांधला, वर दगड ठेवले, पायलीभर रिठे कुटून चोळले. फेस तर असा आला की म्हशी पाणी न पिता परत गेल्या. प्रोफेसर म्हणाला, रात्रभर मुरू द्या. आणि मामा, खोटं का बोलू, त्या माणसाने मला विचारलं होतं, "नदीला पाणी वाढत नाही ना?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "पावसाळा सरला, आता कुठलं पाणी?" रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद, म्हणून वीज कमी आणि नदीला पाणी कमी, सोमवारी गिरण्या सुरू झाल्या की कारखान्यातून पाण्याचा लोंढा सुटतो, हे खोपोलीत शेंबडं पोर जाणतं. फक्त मी विसरलो. (मुंग्या चावल्या की माणसाला वार आठवत नाही. भागूबाईला हे पटत नाही. मलाही पटत नाही, पण दुसरं कारण सापडलेलं नाही.)

सोमवारी सकाळी जाऊन पाहतो तो चारांपैकी दोन खुंट्या होत्या. गालिचा नव्हता. प्रोफेसरने खुंट्यांकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, मग स्टेशनाकडे पाहिलं. "मी गालिच्याचा जाणकार आहे, नदीचा नव्हे," असं म्हणाला आणि कोट सावरत जो निघाला तो मी अजून पाहिलेला नाही.

मी काठाने धावत सुटलो. सावरोलीच्या खाली तो मला दिसला. पाठ फुगवून, थकलेल्या रेड्यासारखा, मधूनच गिरकी घेत चालला होता. घाटावर बायका धुणं धूत होत्या, त्यांनी "मगर, मगर!" असा गिल्ला केला आणि धोंडे मारायला घेतले. मी काठावरून ओरडतोय, "मारू नका, शेठांचा आहे!" त्यावर एक म्हातारी म्हणाली, "शेठांनी मगर पाळली? मेल्यांना पैसा झाला की काय सुचंल नेम नाय." चौदा वर्षांची माझी नोकरी त्या पाण्यात गटांगळ्या खात पुढे चालली होती आणि मला पोहता येत नव्हतं. रडू आलं, मामा. धावता धावता रडणं फार अवघड असतं. दम एकालाच पुरतो.

पुढे वाडीखाली नवशा कातकऱ्याने मासे धरायला दगडांचा बांध घालून मध्ये बांबूचा सापळा लावला होता. गालिचा सरळ त्यात घुसला, अर्धा बांध मोडला आणि तिथेच अडकला. मी पोहोचलो तेव्हा नवशाची बायको चिंधी त्याला काठीने ढोसत होती. "जितं हाय का मेलं?" मी म्हणालो, गालिचा आहे, माझा आहे, द्या. नवशा शांतपणे म्हणाला, "माज्या बांधात आलं ते माजं. मासा कदी सांगतो का, मी अमक्याचा म्हनून?" मी म्हणालो, मंचेरशा शेठांचा आहे. "मंग शेठला सांग, माजा बांध मोडलास, तो घालून दे. गालिचा कुटं पळत नाय." शेठ मुंबईला, म्हणून त्यांच्या वतीने बांध मी घातला. दोन दिवस मांडीभर पाण्यात उभा राहून दगड रचत होतो, नवशा काठावर बसून तो दगड तिथे नको, हा इथे ठेव, असं सांगत होता, आणि नव्या बांधाच्या तोंडात घट्ट बसलेल्या गालिच्यामधून सबंध नदी गाळून चालली होती. पहिल्या दिवशी खालच्या अंगाला पाणी काळं गेलं. दुसऱ्या दिवशी चहासारखं. तिसऱ्या दिवशी सकाळी नितळ.

मग आम्ही तिघांनी ओढून तो कातळावर पसरला, चिंधीने त्यातले अकरा खेकडे वेचून घेतले, आणि उन्हं वर आली तसे आम्ही वाकून बघू लागलो. गालिचा तांबडा होता, मामा! फोडलेल्या डाळिंबासारखा तांबडा. कडेला हिरवे पोपट, कोपऱ्यात निळं तळं, आणि मध्यभागी एक मिशाळ राजा लोडाला टेकून हुक्का ओढतोय आणि दोन हरणं त्याच्याकडे नाराजीने बघताहेत. चिंधीने सगळ्या वाडीला हाका मारल्या. "या गं, बगा गं, ह्यो तर आपला कमळ्या!" कमळ्या म्हणजे नवशाचा धाकटा भाऊ. त्याला आणून राजाशेजारी उभा केला. साम्य आहे हे मलाही कबूल करावं लागलं. त्या क्षणापासून कमळ्याची मान जी ताठ झाली ती झालीच. गालिचा बांबूला बांधून आम्ही खोपोलीला आणला तेव्हा तो वाटेत भेटेल त्याला गुंडाळी सोडून दाखवत होता.

आपण म्हणाल, मग रडायचं काय? ऐका. भागूबाईने गालिचा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "कुनाच्या घरातला उचलून आनलात? जिथला हाय तिथं ठिवून या जा." मी देवाची शपथ घेतली तरी तिला पटेना. स्टेशनमास्तरांना पटलं नाही, वाण्याला पटलं नाही. बायकोला पटत नाही ते शेठांना काय पटणार? नवा कप ओळखणाऱ्या माणसाला नवा गालिचा ओळखू येणार नाही? ते मला विचारणार, "माझा गालिचा कुठे?", आणि मी काय सांगू, की तो वाशिवलीवरून समुद्राला गेला आणि हा त्याच्या आतून निघाला? असो. आपण वडीलधारे, मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. दुसरा काही हेतू नाही. मामींना नमस्कार, लहानथोरांना ज्याचे त्याचे आशीर्वाद वाटून द्यावेत.

आपला,
सहदेव

ता. क. एक बारीकसा हेतू आहे. आपण, मामी, पाचही पोरं, दोन्ही बैल आणि जमल्यास शेळ्या, अशा सर्वांनी ताबडतोब आमच्याकडे आठ दिवस राहायला यावं. चालत यावं, शेतांतून यावं आणि पाय धुऊ नयेत. मुक्काम दिवाणखान्यात. मी एकट्याने राख टाकून पाहिली, काजळ टाकून पाहिलं, भागूबाई लगेच झाडून टाकते. साठ वर्षांचा मळ एकट्या माणसाच्या हातून होत नाही, मामा. त्याला कुटुंब लागतं.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समजावा. पत्र टपालात पडायच्या आधीच काल शेठ आले, न कळवता. दारात थांबले. "आ सूं?" म्हणाले. मी म्हणालो, गालिचा. ते म्हणाले, माझा तपकिरी होता. मी गाठोडं बांधायला वळलो, तेवढ्यात ते सत्तर वर्षांचे शेठ गुडघ्यांवर बसले आणि रांगत खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेले. तिथे चिंचोक्याएवढा शाईचा डाग होता. सहाव्या वर्षी त्यांनी दौत सांडली होती आणि बापाच्या भीतीने त्या डागावर पाय ठेवून जेवणापर्यंत उभे राहिले होते, असं म्हणाले. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मग त्यांनी मला त्या दोन हरणांची नावं सांगितली. आता दिवाणखान्यात सगळ्यांनी अनवाणी जायचं, स्वतः शेठसुद्धा. तेव्हा यायचं तर खुशाल या, पण पाय धुऊन, आणि शेळ्या नकोत.

ता. क. तिसरा, आठ दिवसांनी लिहितोय (पत्र अजून टपालात पडलेलं नाही), आणि हा नीट वाचावा. गालिचा कुणी धुतला असं शेठांनी विचारलं. मी म्हणालो, मी. (नदीचं नाव काढलं नाही. त्यांनी विचारलं नाही.) त्यांनी खूश होऊन आपल्या सगळ्या मित्रांना लिहिलं, आणि शुक्रवारच्या मालगाडीने सहा गालिचे खोपोलीस येत आहेत. मला पद्धत एकच येते. रविवारी ते नदीत बांधतो, सोमवारी पाणी सुटेल. नवशाने बांध रुंद करायला घेतला आहे, कमळ्या मुकादम आहे, तरी नवशा म्हणतो चाराहून जास्त मावणार नाहीत. म्हणून सोमवारी दिवस उगवल्यापासून आपण दोर आणि दोन गडी घेऊन वाशिवलीच्या घाटावर बसावं. दोन येतील. एक निळा आहे असं त्याचे मालक सांगतात. दुसरा कुठल्या रंगाचा आहे ते अजून कुणालाच माहीत नाही. आपल्याला दिसला की कळवावं.