पाय धुवायचं पाणी

बिहार, माघ, १९६८

ती. आईस, जोमाचा पाया पडून नमस्कार. मी बरा हाय. वेणूताई, आईला सावकाश वाचून दाखव.

काम आपल्या मिठागरासारखंच हाय. युरेनियमच्या खाणीतला दगड दळून उरलेला गाळ तळ्यात सोडतात. तळ्याचा बांध आमी चिखल पायांनी तुडवून बांधतो. मुकादम म्हणतो, "पनवेलवाला तुडवतो तो बांध पाझरत नाही."

गाळात रेडियम असतं, घड्याळाच्या काट्यांवर चमकतं ते. बांधातली चिकणमाती त्याला धरून ठेवते.

पायांना भेगा पडल्या, म्हणून तू करतेस तसा मी मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसायचो. परवा खाणीच्या साहेबांनी बघितलं आणि घमेलंच उपडं केलं. "अरे, मातीनं धरलेलं रेडियम मिठानं सुटतं. ते विखारी असतं, भेगांतून आत जाईल."

मी विचारलं, "नुसती माती किती वर्सं धरील?"

"धरते, पण थोडं थोडं सोडतेही. आपण नसू तेव्हाही सोडत असेल."

पाय ठीक हायत, भेगा तेवढ्या भरत नायत. काळजी करू नको. मन मात्र एका जागी ठरत नाय, कामावर असताना उठून टेसन गाठावंसं वाटतं. बाबांचा खोकला कसा हाय? खाडीकाठच्या खारीच्या शेताच्या बांधाला माती घातली का?

शिमग्याला येतो. दारात पाय धुवायला साधं पाणी ठेव, मीठ घालू नको.

वेणूताई, हे आईला वाचून दाखवू नको. माझे पाय धुवून होईस्तोवर तुझ्या पोराला माझ्याकडं धावू देऊ नको. त्याला धरून ठेव.

तुमचाच,
जोमा