कपाच्या बुडावरचा अंगठा

ता. ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बंद पडलेल्या कपबशीच्या कारखान्यामागे आमचं खोदकाम जोरात आहे. लोकांना वाटतं पुरातत्त्व म्हणजे राजेरजवाडे. आम्ही सत्तर वर्षांपूर्वीचा कचरा चाळतोय! पण हा कचरा फार बोलका आहे. इथल्याच कपांचे तुकडे समुद्रापलीकडच्या बंदरात खोदणाऱ्या माझ्या मैत्रिणीला सापडलेत. तिथले हमाल आणि इथले भट्टीवाले एकाच घडणीच्या कपातून चहा प्यायचे. आजचं जग असं जोडलं गेलं, मामा!

आजी म्हणायची, तिने अकरा वर्षं याच कारखान्यात कपांना कान जोडले. हजेरीपटात मात्र एकाही बाईचं नाव नाही. पंधरा तारखेला अहवाल द्यायचाय. पुरावा नसेल तर ‘सर्व कामगार पुरुष’ असंच लिहावं लागेल, आणि ते माझ्या जिवावर आलंय. तुम्हाला काही आठवतंय का? बाकी, बुडाला खड्डा पडलेले त्रेचाळीस कप ‘सदोष माल’ म्हणून पेटीत भरलेत.

चहात साखर कमी घालता ना? उत्तराकडे डोळे लावून बसलेय.
तुमची आगाऊ भाची

ता. ७ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. एवढी शिकलीस आणि आजीलाच सदोष माल म्हणून पेटीत भरलंस! तो खड्डा नाही, अंगठा आहे. भट्टीतून निघालेल्या ढिगात आपलं काम ओळखू यावं म्हणून बायका ओल्या कपाच्या बुडाला अंगठा दाबायच्या. आईच्या अंगठ्यावर माती कापायच्या तारेचा आडवा व्रण होता. रेघ दिसते का बघ.

तुझ्या मामीलाही ठाऊक नाही ते सांगतो. आईला सही येत नव्हती. प्रगतिपुस्तकावर तिचा अंगठा पाहून वर्ग हसेल, म्हणून मीच तिची सही ठोकायचो. तिला कळलं होतं, पण बोलली नाही कधी. मला अजून त्याची लाज वाटते.

रेघ सापडली तर लगेच कळव. साखरेचं मागाहून बघू.
तुझ्यावर जीव असलेला,
मामा

ता. १२ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पेटी पालथी केली. नऊ कपांवर आडवी रेघ आहे! कधी कुणाचं कौतुक न करणारे आमचे साहेब तासभर भिंग घेऊन बसले आणि म्हणाले, ते ‘सर्व कामगार पुरुष’ खोडून टाका. मी इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला.

मैत्रिणीलाही कळवलं. तिने बंदरातले तुकडे उलटून पाहिले. एकावर तीच रेघ निघाली. आजीने समुद्र पाहिलासुद्धा नव्हता हो.

अहवालाच्या पहिल्या पानावर तो ठसा छापतोय. खाली आजीचं नाव हवंय. ते तुम्हीच लिहून पाठवा. तिची सही करायची तुम्हाला सवय आहे.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची चिमणी